जागं कोण झालं, जागं कुणी केलं? : गोदावरी परुळेकरांचं पुस्तक साठच्या दशकातून वाचताना



या मालेत आपण साठच्या दशकातल्या अमेरिकेबद्दल बोलतो आहोत. ग्रीन्सबरोच्या खानावळीत जाऊन बसलेली चार मुलं झाली, बर्मिंगहॅमचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे झाले, वॉशिंग्टनचा मोर्चा झाला. आज आपण डहाणू-तलासरीकडे वळणार आहोत. म्हणजे विषय सोडून चाललो, असं समजू नका. विषय तोच आहे, फक्त त्यासाठी आम्ही एक मराठी पुस्तक हातात घेतलंय. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’.

हे पुस्तक इथल्या पुष्कळ घरांत आहे. निदान त्याचं नाव तरी आहे. १९७० साली ते आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात गोष्ट आहे ती १९४५ ते १९४७ ची, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतल्या वारल्यांच्या उठावाची. त्यामुळे आपण ते नेहमी चाळीसच्या दशकाचं पुस्तक म्हणून वाचतो. आमचं म्हणणं असं, की गोष्ट चाळीसची असली तरी पुस्तक साठचं आहे. ते बाहेर आलं तेव्हा जगभर एकच प्रश्न विचारला जात होता : दडपलेल्या माणसाच्या वतीनं बोलायचं कुणी? या प्रश्नासमोर पुस्तक ठेवलं, की त्याच्यातली ताकदही दिसते आणि एक मोठी फटही दिसते. आज बोलायचंय ते त्या फटीबद्दल. गोदूताईंबद्दल आदर सगळ्यांनाच आहे, आम्हालाही आहे. पण पुस्तकाला नुसता हार घालून ठेवलं, की ते वाचायचं राहून जातं.

सुरुवात शीर्षकापासून करू. त्यातला ‘माणूस’ हा शब्द बघा. शेतकरी नाही, कामगार नाही, वारलीसुद्धा नाही. माणूस. आता जरा मेम्फिसला चला. १९६८ चा फेब्रुवारी. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात कचरा उचलणारे कामगार, जवळपास सगळे काळे, संपावर गेले. संख्या तेराशेच्या आसपास. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी त्यांचे दोन सहकारी कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले होते. मागण्या अगदी साध्या : पगार, सुरक्षितता, युनियनला मान्यता. पण त्यांच्या हातातल्या फलकांवर आकडा नव्हता. लिहिलं होतं, ‘मी माणूस आहे.’ याच संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग तिथं गेले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथंच त्यांचा खून झाला. मजुरीची मागणी करणारा माणूस फलकावर मजुरीचा आकडा न लिहिता ‘माणूस’ लिहितो, ते का, हे तलासरीतल्या म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. त्यानंतर दोन वर्षांनी हे मराठी पुस्तक आलं. एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन्हीकडे दुखणं एकाच जागी होतं, म्हणून शब्दही एकच निघाला, एवढंच.

ते दुखणं काय होतं? इथल्या लोकांना वेठ, खावटी, लग्नगडी हे शब्द माहीत आहेत, पण आपली व्याख्यानं ऑनलाइन ऐकणारे-वाचणारे लांबलांबचे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. जमीन आणि जंगल बघता बघता सावकार-जमीनदारांच्या हाती गेलं. त्यांत गुजराती होते, पारशी होते, मुसलमान होते आणि आपले मराठी बोलणारेही होते. हे शेवटचं आपण जरा हळू आवाजात बोलतो. ज्याची जमीन गेली तो त्याच जमिनीवर कूळ झाला. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की जमीनदाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आल्यावर ती वाढवून फेडायची. जमीनदाराच्या शेतावर, घरी, त्याच्या गवतावर फुकट राबायचं, ती वेठ. आणि लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं, तो लग्नगडी. ते फिटायचं कधी, हे जमीनदाराची वही ठरवणार, आणि वही वाचता येणारा पाड्यात कुणी नाही. हे सगळं कम्युनिस्टांनी रंगवून सांगितलं, असं म्हणायची पूर्वी पद्धत होती. पण त्याआधीच, १९३० च्या दशकाच्या अखेरीला, सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल लिहिला, त्यात ही गुलामी सरकारी कागदावर आली होती. म्हणजे सरकारला माहीत होतं. उठाव झाला तेव्हा मात्र सरकारला आश्चर्य वाटलं!

मिसिसिपीतली कापसाची शेती बघा. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं गेली. जमीन मात्र जुन्याच मालकांकडे राहिली. काळं कुटुंब मालकाच्या जमिनीवर अर्धेलीनं कापूस पिकवायचं. वसंतात मालक किंवा त्याचं दुकान पीठ, चरबी, कपडा उधार द्यायचं आणि वर्षअखेर मालकाच्या वहीत हिशेब व्हायचा. बहुतेक वेळा हिशेबात कुटुंबच देणं लागायचं. खावटीला इंग्रजीत काय म्हणतात, असं कुणी विचारलं तर सरळ मिसिसिपीकडे बोट दाखवावं.

आता पुस्तकाकडे.

गोदूताई पुण्यात वाढलेल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. शामराव परुळेकर एके काळी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षात होते. पुढे दोघंही कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत आले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथं इकडचे मूठभर वारली गेले. त्यांतला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहून बोलला. मग परुळेकर इकडे आले, २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारल्यांची सभा झाली आणि तिथं ठरलं : वेठ करायची नाही, रोजची १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर पाऊल टाकायचं नाही, मारायला आला तर मार खाऊन घ्यायचा नाही, आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं.

हा भाग पुस्तकात विलक्षण उतरलाय. बाईंची भाषा साधी आहे, अलंकार जवळजवळ नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या कामाचं वर्णन करतात. आपल्याकडे दुःखाचं वर्णन करणारे लेखक भरपूर, कामाचं वर्णन करणारे कमी. गवत कापणं म्हणजे काय, ते कितीचं, त्याचे किती पैसे. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना लागायचं. मुंबईची म्हैस जे खायची ते डहाणूच्या डोंगरावर वारली कापायचा. गवतकापणीच्या संपातली मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. पौंडात मोजलेलं गवत आणि आण्यात मोजलेली माणसाची पाठ, असा हा हिशेब आहे. तो हिशेब मांडला म्हणून पुस्तक टिकलं. सहानुभूती दाखवणारी पुस्तकं त्या काळात अजूनही निघाली, ती कुठं आहेत आज?

बरं, मग फट कुठे आहे?

तलवाड्याकडे येऊ. १० ऑक्टोबर १९४५. सगळ्या पुस्तकाचा कणा म्हणजे ही रात्र. जमीनदारांनी वारल्यांमध्ये निरोप पसरवला, की बाई तलवाड्याला सभा घ्यायला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, गुंड आणलेत, काठ्या घेऊन या. दुसरीकडे पोलिसांना खबर दिली, की वारली हत्यारं घेऊन जमताहेत. सभा ठरलेलीच नव्हती. बाई तिथं नव्हत्याच. हजारो माणसं लाल बावट्याभोवती जमली. पोलिसांनी गोळीबार केला. माणसं हलली नाहीत, कारण बाईंना वाचवायला आलोय आणि बावटा सोडून जायचं नाही, अशी त्यांची समजूत. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मारली गेली.

हा प्रसंग आपण नेहमी शौर्याचा म्हणून सांगतो. दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होतं, व्हायलाच पाहिजे. पण वाचक म्हणून आम्हाला या प्रसंगातली एक गोष्ट अस्वस्थ करते. जमीनदारांनी सापळ्यासाठी वापरलं काय? बाईंचं नाव. पाच महिन्यांत या चळवळीत एक नाव इतकं मोठं झालं होतं, की तोंडी निरोपावर हजारो माणसं रात्री घराबाहेर पडत होती. ही चळवळीची ताकद होती आणि हीच तिची उघडी बाजू होती. जमीनदारांनी ती अचूक ओळखली. या चळवळीचे पहिले टीकाकार म्हणायचे तर ते जमीनदार. फक्त त्यांनी टीका लेखणीनं केली नाही.

पुस्तक या रात्रीचं दुःख सांगतं, संताप सांगतं, वारल्यांच्या निष्ठेपुढे नम्र होतं. पण ‘माझं नाव त्यांच्यासाठी धोका कसं झालं’ हा प्रश्न जितका खोल जाऊन विचारायला हवा तितका ते विचारत नाही. निष्ठा हा शब्द तिथं सगळं झाकून टाकतो.

आणि याच्या पुढचं पान तर आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं. गोळीबारानंतर परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. आता काय व्हायला हवं होतं? नेते नाहीत, पाच माणसं मेलेली, पोलीस गावोगाव. चळवळ बसायला हवी होती. पण संप चालू राहिला! पाड्यापाड्यावर माणसांनी गवताला हात लावला नाही. शेवटी जमीनदारांना दर मान्य करावा लागला. म्हणजे ज्या बाईंमुळे हे सगळं घडलं असं आपण म्हणतो, त्या हद्दीबाहेर असताना पहिला मोठा विजय मिळाला. तो कुणी मिळवला? कुठल्या पाड्यावर कोण रात्री फिरलं? कामाला निघालेल्याला कुणी अडवलं? घरात दाणा नसताना खावटी नाकारायची हे कुणाच्या चुलीपाशी ठरलं? पुस्तक इथं बारीक होतं, कारण लिहिणारी व्यक्ती तिथं नव्हती. त्यात बाईंचा काही दोष नाही. आपण जिथं नव्हतो तिथलं रंगवून लिहिलं नाही, ही खरं तर प्रामाणिकताच. पण वाचणाऱ्याचं काय? त्यानं हे विरळ पान चटकन उलटलं, की त्याच्या मनात राहतं ते एवढंच : बाई आल्या आणि माणूस जागा झाला.

शीर्षकाचं व्याकरण बघा ना. ‘जागा होतो’ म्हटलंय, ‘जागं करतात’ नाही म्हटलेलं. शीर्षकानं वारल्याला कर्ता केलंय. आपण वाचक त्याला परत कर्म करून टाकतो. टिटवाळ्याला माह्या धांगडा आपल्या पायांनी गेला होता. म्हणजे तो आधीच जागा होता, आणि त्यानं जाऊन किसान सभेला जागं केलं, असंही म्हणता येईल!

हाच पेच अमेरिकेत साठच्या दशकात उघड्यावर आला, म्हणून तर आम्ही तिकडे चाललोय. १९६४ चा उन्हाळा. मिसिसिपीत काळ्यांना मतदार म्हणून नोंदवायचं काम विद्यार्थ्यांची एक संघटना करत होती, तिला ‘स्निक’ म्हणायचे. गावातली आणि बाहेरून आलेली काळी तरुण मुलं जीव मुठीत घेऊन वर्षानुवर्षं काम करत होती, मार खात होती, मरत होती, आणि देशाला पत्ता नव्हता. मग ठरलं की उत्तरेतून शेकडो विद्यार्थी आणायचे, त्यांतले बहुतेक गोरे. २१ जूनला तिघं कार्यकर्ते बेपत्ता झाले : जेम्स चेनी काळा, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर गोरे. सगळा देश हादरला. शोध घेताना नदीत दुसऱ्याच काळ्या माणसांची प्रेतं सापडली, ज्यांचा शोध घ्यायला कुणी आलं नव्हतं. तिघांची प्रेतं ऑगस्टमध्ये मातीच्या बांधाखाली मिळाली. बाहेरचा माणूस आला की कॅमेरा येतो, हे खरं. पण कॅमेरा बाहेरच्या माणसासाठीच आला होता, हेही तेवढंच खरं. स्निकमधल्या काळ्या कार्यकर्त्यांच्या हे जिव्हारी लागलं. शिवाय बाहेरून आलेली, झरझर लिहिणारी-बोलणारी मुलं कचेरीत बसली की गावातला माणूस आपोआप मागं सरतो, हेही त्यांनी पाहिलं. १९६६ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा आली आणि त्या वर्षाच्या अखेरीला स्निकनं गोऱ्या कार्यकर्त्यांना बाजूला व्हायला सांगितलं : तुम्ही जाऊन आपल्या गोऱ्या वस्त्यांत काम करा. हे बरोबर की चूक, यावर तिकडे अजून वाद चालतात. संघटना त्यानंतर फार दिवस टिकली नाही, हेही सांगायला पाहिजे.

आपल्याकडे हा वाद झालाच नाही, असं नाही. पुस्तक आलं त्याच साली, १९७० ला, डाव्या पक्षांनी देशभर भूमिमुक्तीचं आंदोलन केलं. त्यानंतर पालघर-मनोरकडे काळूराम धोदडे आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिसेना उभी केली. आदिवासींची संघटना आदिवासींनीच चालवायची, बाहेरच्यानं मदत करावी पण हुकूम करू नये, ही त्यांची भूमिका. मुंबईत १९७२ साली दलित पँथर निघाली, तिचं नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. पँथरबद्दल मराठीत ढीगभर लिहिलं गेलं, कारण ती लिहिणाऱ्यांचीच संघटना होती. भूमिसेनेबद्दल मराठी समीक्षेनं शब्द काढला नाही. डोंगरातलं राजकारण हे आपल्या साहित्यचर्चेला अजून ‘सामाजिक कार्य’च वाटतं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’वर जे लिहिलं गेलं त्यातही ‘तळमळ’, ‘त्याग’ हेच शब्द जास्त. पुस्तक म्हणून त्याच्याशी भांडायला कुणी फारसं तयार नाही.

आता बायांबद्दल. इथं आम्हाला थोडं थांबायचंय.

वारल्यांचं लग्न कोण लावतं? धवलेरी. बाई. भटजी नाही, पुरुष नाही. चौक लिहितात त्याही बाया. म्हणजे ज्या लग्नाच्या कर्जापायी माणूस लग्नगडी व्हायचा, ते लग्न उभं करणारी बाई, आणि त्याची गुलामी भोगायला नवऱ्याच्या बरोबरीनं पुन्हा तीच. जमीनदाराच्या घरी राबणाऱ्या बाईवर आणखी काय गुदरायचं ते पुस्तक सांगतं, स्पष्ट सांगतं, आणि त्या काळच्या मराठी पांढरपेशा वाचकाला ते सांगायला धाडस लागत होतं. पण या बाया पुस्तकात मुख्यतः सोसताना दिसतात. ठरवताना कमी दिसतात. १९८६ साली इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वारली उठावातल्या स्त्रियांवर एक लेख लिहिला आणि हाच धागा ओढला : स्त्रिया लढ्यात होत्या, मग डाव्यांच्या मांडणीत त्यांचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नाखाली का गेला? आणि गंमत बघा, सगळ्या चळवळीची नेता एक बाई! तरीही. एक बाई पुढे असली म्हणजे बाया पुढे आल्या, असं होत नाही. स्निकमध्येही १९६४ च्या नोव्हेंबरात दोघी कार्यकर्त्यांनी, आधी नाव न घालता, एक टिपण ठेवलं, की समतेची भाषा बोलणाऱ्या या संघटनेत टायपिंग आणि टिपणं घ्यायचं काम बायांकडेच का येतं?

फॅनी लू हेमर यांची आठवण इथं काढायलाच पाहिजे. मिसिसिपीतल्या रूलव्हिलजवळ मालकाच्या मळ्यावर अठरा वर्षं काम केलेली ही बाई ३१ ऑगस्ट १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. परत आल्यावर मालक म्हणाला, नाव मागं घे नाहीतर मळा सोड. तिनं त्याच रात्री मळा सोडला. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला मरेस्तोवर मारलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे ती हे सगळं स्वतःच्या तोंडानं बोलली, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तिच्यावरचा कॅमेरा हटावा म्हणून घाईघाईनं पत्रकार बोलावले. पण त्या रात्रीच्या बातम्यांत तिचंच बोलणं देशानं ऐकलं. सत्तेला भीती वाटली ती तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेल्या पुस्तकाची नव्हे, तिच्या तोंडची.

कुणी म्हणेल, ही तुलना अन्यायाची आहे. १९४५ च्या झरीत टीव्ही कुठला, शाळा कुठली? बरोबर आहे. हेमर यांना थोडं का होईना शिक्षण होतं, चर्चमध्ये गाण्याची, बोलण्याची सवय होती. बाईंनी लिहिलं नसतं तर तलवाड्याची रात्र पोलिसांच्या कागदातच राहिली असती. हे आम्ही मान्य करतो, एकदा नाही दहादा. पण १९७० साली, पंचवीस वर्षांनंतर, पुस्तक लिहिताना तीच माणसं जिवंत होती. बाईंना त्यांची बोली येत होती. त्यांच्या तोंडचं सलग, न कापलेलं बोलणं पुस्तकात अधिक यायला हवं होतं. वाक्यं येतात, प्रसंग येतात, पण निवेदन एकदाही कुणा वारल्याच्या हाती सोपवलं जात नाही.

दुसरी तक्रार पुस्तक संपतं त्या जागेबद्दल आहे. १९४७ च्या जानेवारीत नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. तेव्हा प्रांतात सरकार काँग्रेसचं होतं, गृहमंत्री मोरारजी देसाई. या उठावावर पुस्तक थांबतं. मधल्या वीस-बावीस वर्षांचं काय? आणि हीच वर्षं साठच्या दशकाची आहेत. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कागदावर कूळ मालक झालं. पण ‘स्वखुशीनं’ जमीन सोडल्याचे अंगठे आधीच उठवून घेतले होते, तिथं कायदा काय करणार? १९६० मध्ये राज्यांची फाळणी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं, इकडे उरलेल्या गावांतून पुढे तलासरी तालुका झाला. एका लढ्यात उतरलेली माणसं दोन राज्यांत विभागली गेली. १९६१ साली तलासरीत आदिवासी प्रगती मंडळ निघालं, मुलांसाठी वसतिगृह झालं. मिसिसिपीत १९६४ च्या उन्हाळ्यात चर्चच्या तळघरांत, अंगणांत चाळीसेक स्वातंत्र्यशाळा भरल्या. आपल्याकडे वसतिगृह तीन वर्षं आधीच होतं. तिथल्या शाळा एका उन्हाळ्याच्या, इथलं काम वर्षानुवर्षांचं. या कामातून पुढे आलेले लहानू कोम १९७७ साली लोकसभेत गेले. हे तर बाईंच्या हातून घडलेलं सर्वांत मोठं काम, आणि या गाजलेल्या पुस्तकात त्याला जागा नाही!

१९६२ च्या चीन युद्धानंतर परुळेकर दांपत्य तुरुंगात गेलं, मग पुन्हा गेलं. १९६५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला शामराव कैदेतच वारले. त्याच आठवड्यात, ६ ऑगस्टला, वॉशिंग्टनमध्ये मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली. तिकडे चळवळीला कायदा मिळत होता आणि इकडे, मतदानाचा हक्क पंधरा वर्षांपूर्वीच मिळालेल्या देशात, लोकसभेत निवडून गेलेला माणूस खटल्याशिवाय बंदिवासात मरत होता. अमेरिकेची साठची वर्षं म्हणजे मागासांनी कायद्याकडे केलेली धाव, असं धरलं तर डहाणूची साठची वर्षं म्हणजे हातात आलेला कायदा जमिनीवर उतरवायची धडपड. ही दुसरी गोष्ट जास्त लांबलचक, कंटाळवाणी, कचेऱ्यांत खेटे घालायची. तिच्यात गोळीबाराची रात्र नसते, म्हणून तिची पुस्तकं होत नाहीत. वनहक्क कायदा आला तो २००६ ला. दळीच्या जमिनीचा पट्टा मागताना तुमच्याकडे पुरावा काय, असं आज विचारतात तेव्हा त्या न लिहिलेल्या वर्षांचीच किंमत मोजावी लागते. कोण कुठं कसत होतं, कुणाला कधी हुसकलं, हे म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हा पुरावा म्हणून चालतो. पण तो जबाब घ्यायला माणूस जिवंत असावा लागतो.

जाता जाता एक. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्र जगभर गेलं. पूर्वी ते चित्र बाया लिहायच्या आणि त्यावर कुणाचं नाव नसायचं. नाव आलं तेव्हा कागद आला, बाजार आला आणि पुरुषाचं नाव आलं. चित्राच्या बाबतीत निदान नाव वारल्याचं तरी आलं. उठावाच्या बाबतीत काय झालं, ते आपण आत्ता पाहिलं.

एवढं सगळं बोलून पुस्तक बाजूला ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. उलट पुन्हा वाचा, पण तलवाड्यानंतरची, संपाची पानं हळू वाचा. त्या पानांत जी माणसं नुसती ‘वारली’ म्हणून येतात, त्यांची नावं आपल्याला कळतात का ते बघा. तलासरी, झरी, उधवा, आच्छाड, गंजाड, कासा, जिथले असाल तिथल्या घरात विचारा.

आता प्रश्न घेऊ. एक विनंती, ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी त्या संपाचं किंवा तलवाड्याच्या रात्रीचं काही सांगितलं असेल, त्यांनी आधी बोलावं, आपल्या बोलीत बोलावं. आमच्या पुस्तकी शंका मागाहून. तिकडे मागं बसलेल्या मावशींकडे माइक द्या.